बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेतले देणे-घेणे

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या आपल्या विहारातल्या लहान पोरांनासुद्धा पाठ आहेत. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. १४ एप्रिलला स्टेजवर उभी राहून पोरं एका दमात म्हणून दाखवतात आणि टाळ्या घेतात. पण या पदव्यांना पैसा कुठून आला, कोणत्या अटीवर आला आणि त्याची परतफेड कशी झाली, हे कुणी कुणाला विचारल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही. विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आम्ही तेवढेच सांगणार आहोत. बाबासाहेबांचे संपूर्ण चरित्र इथे मावणार नाही आणि ते घरोघरी आहेच. पण बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घराघरातून एकच वाद ऐकू येतो. पोरगी म्हणते इतिहास घेऊन बी.ए. करते, बाप म्हणतो कर्ज काढतो पण इंजिनिअरिंगला जा. कुणाचे बरोबर? या वादात पडण्याआधी बाबासाहेबांचे काय झाले ते बघितलेले बरे.

त्यांच्या शिक्षणासाठी पहिले कर्ज काढले ते सुभेदार रामजी सकपाळांनी. पलटणीतून निवृत्त झालेला हा माणूस परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार घेऊन राहत होता. पेन्शन महिना पन्नास रुपये. त्याच खोलीत चूल, त्यातच जाते, त्यातच जळण आणि त्यातच एक बकरीही. भीमाला लवकर झोपवायचे, रात्री दोनला उठवायचे, मग दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत त्याचा अभ्यास, असा क्रम होता. पोराला पुस्तकांचे वेड. शाळेच्या पुस्तकांवर त्याचे भागत नसे. खिशात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जायचे आणि तिच्याकडे पैसे मागायचे. तिच्याकडेही नसले की तिचा एखादा दागिना मागून आणायचे, मारवाड्याकडे गहाण ठेवायचे, पुस्तक विकत घ्यायचे आणि पेन्शन हातात पडली की दागिना सोडवून मुलीला परत नेऊन द्यायचे. परीक्षेला न लागणाऱ्या पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण पडत होता! आज आपण क्लासच्या फीसाठी दागिने मोडतो, पण अवांतर वाचनासाठी कोण मोडेल?

आवडीचा विषय मात्र तेव्हाही मिळाला नाही. भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. पर्शियनमध्ये ते चांगले गुण मिळवीत, पण संस्कृतची ओढ राहिलीच. पुढे त्यांनी ती भाषा स्वतःच्या कष्टाने आत्मसात केली. पालीचेही तसेच. उतारवयात पालीचा शब्दकोश आणि व्याकरण यांवर त्यांनी केलेले काम शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापले आहे.

१९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण. आजच्या पालकांना हा आकडा सांगितला तर ते नाक मुरडतील, पण तेव्हा अस्पृश्य मुलगा मॅट्रिक होणे हीच एवढी मोठी गोष्ट होती की सत्काराची सभा झाली. सी. के. बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे विहारात बसणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. पण केळुसकर गुरुजींनी दुसरेही एक काम केले, त्याची आठवण कमी काढली जाते. इंटरनंतर रामजींच्या पेन्शनवर पुढचे शिक्षण निभेना, तेव्हा गुरुजी भीमरावांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना भेटले. महाराजांनी प्रश्न विचारले, पारख केली आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती बांधून दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर पुस्तके द्यायचे, अंगावर घालायला कपडेही द्यायचे. अशी बी.ए. झाली.

पदवी हातात आली तेव्हा घरची परिस्थिती बघता नोकरी धरून संसाराला लागणे हाच सरळ रस्ता होता. ते बडोद्याला नोकरीवर गेलेही. पण वडील आजारी असल्याचे कळल्याने त्यांना परतावे लागले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. बाप गेला, घरात बायको, भावाचे कुटुंब, मिळवते हात थोडे. नेमक्या याच वेळी सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवणार असल्याचे समजले.

४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदे संस्थानाच्या करारावर सही केली. हा करार नीट समजून घेतला पाहिजे. संस्थान तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार. विद्यार्थ्याने ठरवून दिलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. तीन वर्षांच्या शिक्षणाला दहा वर्षांची चाकरी. याला शिष्यवृत्ती म्हणा की कर्ज म्हणा, आमच्या मते हे कर्जच होते, फक्त व्याज पैशात नव्हते, आयुष्याच्या वर्षांत होते. बावीस वर्षांच्या मुलाने ते डोळे उघडे ठेवून घेतले.

जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. पहिले काही महिने मन रमले ते अभ्यासाबाहेरच, असे चरित्रकार सांगतात. टेनिस, मित्रमंडळी, हिंडणे-फिरणे. जातीचे नाव न काढता एका टेबलावर जेवायला बसणारी माणसे आयुष्यात पहिल्यांदाच भेटली होती, त्यात नवल ते काय? मग एका रात्री घरची आठवण आणि महाराजांचा पैसा दोन्ही डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्यांनी स्वतःला आवरले. तिथून पुढे दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास सुरू झाला.

आणि शिकले काय? संस्थानाला हवा होता वित्ताचा जाणकार. महाराजांच्या मनात त्यांना पुढे बडोद्याचे अर्थमंत्री करायचे होते. भीमरावांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, वर फ्रेंच आणि जर्मन भाषेचा एकेक. करारातले विषय पुरे केले आणि करारात नसलेलेही त्याच पैशात, त्याच वेळात शिकून घेतले. प्रा. सेलिग्मन अर्थशास्त्राचे, जॉन ड्यूई तत्त्वज्ञानाचे. ड्यूईंचा परिणाम तर जन्मभर राहिला. मानववंशशास्त्राचे प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. बडोद्याच्या खजिन्याला या निबंधाचा काडीचा उपयोग नव्हता. आपल्याला किती झाला, ते वेगळे सांगत नाही.

त्या साडेअकरा पौंडांतून काही पैसे घरीही जात होते. उरलेल्यात एक वेळचे जेवण, कॉफी, पाव, मासा किंवा मटणाचा तुकडा. आणि जुनी पुस्तके! न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. खाण्यात काटकसर आणि पुस्तकांत उधळपट्टी, असा तो हिशोब होता. १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर केला.

तिथून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्ही एकाच वेळी. ही जोडी आम्हाला फार विचार करण्यासारखी वाटते. अर्थशास्त्र हा जिवाचा विषय. पण अर्थशास्त्रज्ञाला कुणीतरी नोकरी द्यावी लागते आणि अस्पृश्याला नोकरी देणाऱ्याची मर्जी किती दिवस टिकेल याचा भरवसा काय? वकिलाची सनद मात्र स्वतःची असते. साहेबाने घालवून दिले तरी ती खिशात राहते. आवडीचे शिक्षण सोडले नाही आणि पोटाच्या शिक्षणाकडे पाठही फिरवली नाही. त्यांनी मनात काय योजले होते ते आम्ही कसे सांगणार, पण पुढे घडले ते असेच.

महाराजांनी एक वर्ष मुदत वाढवून दिली होती. ती १९१७ मध्ये संपली. शिक्षण अर्धे झालेले, पैसा बंद. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते निघाले. महायुद्ध चालू होते. सामान आणि पुस्तके ज्या बोटीने पाठवली ती पाणतीराच्या माऱ्यात बुडाली. नुकसानभरपाईचे जे सहाशे रुपये मिळाले, ते बडोद्याला जाण्याच्या कामी आले. पुस्तके बुडाल्याच्या पैशात कराराची नोकरी करायला निघालेला हा माणूस!

बडोद्यात काय झाले ते आपण सर्व जाणतो, तरी थोडक्यात सांगतो. महाराजांचा हुकूम असूनही स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. राहायला जागा नाही. पारशाच्या सरायीत पारशी नाव लावून राहावे लागले. कचेरीत शिपाई हाताला हात लागू नये म्हणून फायली टेबलावर लांबून टाकायचे, प्यायला पाणी मिळायचे नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा हुकूम सुटला. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्राने दोघांनीही काही ना काही सांगून घरात घेतले नाही. कोलंबियात शिकून आलेला हा विद्वान कामाठी बागेत सामान ठेवून बसला, डोळ्यांतून पाणी काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. करार मोडला तो त्यांनी नव्हे. ते फेडायला गेले होते. दहा वर्षांची चाकरी देणे होते आणि त्या गावाने त्यांना धड दहा आठवडेही टिकू दिले नाही. घेतलेले फेडण्याची इच्छा असून जात आडवी येते, असे कर्ज कोणत्या बँकेच्या कागदात बसवायचे? महाराजांच्या उपकाराबद्दल मात्र बाबासाहेबांच्या मनात कधी किंतु आला नाही. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी शिक्षणाला केलेल्या मदतीची आठवण ठेवून सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला आहे.

मुंबईत आल्यावर दोन पारशी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा धंदा काढला, तो जात कळताच बसला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून जागा मिळाली. पगार साडेचारशे रुपये. त्या काळात ही रक्कम म्हणजे काय, ते जुन्या माणसांकडून ऐकलेले असेल. परळच्या चाळीत राहणाऱ्या माणसाने एवढ्यावर काय नसते केले? बाबासाहेबांनी चाळ सोडली नाही. रमाईच्या हातात मोजके पैसे यायचे आणि त्यात घर चालायचे. बाकी शिल्लक लंडनसाठी.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. याच वर्षाच्या आरंभी 'मूकनायक' सुरू झाले होते. तीस गाठत आलेला, बायकोपोराचा धनी, साडेचारशेची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी व्हायला निघतो, हे आज कुणाच्या घरात चालेल? आपण तरी चालवून घेऊ का? जुलैत ते लंडनला गेले. या खेपेला कुणाचा करार नव्हता. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची काही मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज. कोलंबियात दोघे एकाच खोलीत राहिले होते. बडोद्याला काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि अडल्या वेळी पैसे देणाराही पारशीच होता, ही नोंद आम्ही मुद्दाम करतो.

पहिल्या कर्जात आणि या कर्जात फरक आहे. पहिल्या वेळी दुसऱ्याने विषय ठरवले होते आणि पुढची दहा वर्षेही ठरवून टाकली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी आधी कमावले, साठवले, जे कमी पडले तेवढेच उसने घेतले आणि आयुष्य कुणाकडे गहाण टाकले नाही.

लंडनमधले हाल वाचताना गलबलून येते. ज्या बाईकडे खोली घेतली होती ती सकाळी पावाचा तुकडा, जराशी मासळी आणि पेलाभर पेय द्यायची. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरायचे ते बंद होईपर्यंत. दुपारचे जेवण नाही. बसभाडे वाचवण्यासाठी पायी चालायचे. रात्री पोटात आग पडली की मित्राने दिलेले पापड भाजून त्यावर झोपायचे. खोलीतला सोबती रात्री झोपायला सांगायचा, पण पैसा आणि वेळ दोन्ही नसलेल्या माणसाला झोपणे परवडत नव्हते. १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले होते, ते शिक्षण मात्र पुरे झाले नाही.

या काळात इकडे घरी काय चालले होते? रमाईंचे बंधू शंकरराव मजुरी करायचे, दिवसाला आठ-दहा आणे मिळायचे, त्यात सगळ्यांची पोटे. रमाई शेण वेचून गोवऱ्या थापायच्या, हे आपल्या बायका आजही गाण्यांतून सांगतात. साहेबांना पाठवलेल्या पत्रात पैशाची अडचण असायची आणि तिकडून पाठवायला पैसा नसायचा. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. १९३५ च्या मे महिन्यात रमाईसुद्धा गेल्या. पदव्यांचा खर्च मांडताना पौंड आणि रुपये सगळेच मांडतात. हा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा ते ज्याचे त्याने बघावे. पोराला आवडीचे शिकू देताना घरात कुणाच्या ताटातली भाकरी कमी होते आहे, हे पोराला माहीत असावे, एवढे तरी आम्हाला वाटते.

मार्च १९२३ मध्ये डी.एस्सी.च्या प्रबंधावर परीक्षकांनी हरकत घेतली आणि पुन्हा लिहून द्यायला सांगितले. ब्रिटिश सरकारच्या चलन धोरणाची चिरफाड त्यात होती. लंडनला राहून दुरुस्ती करायला पैसे उरले नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, धाडून दिला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा तो ग्रंथ १९२३ च्या डिसेंबरात लंडनला छापून निघाला. रुपयाची किंमत कशी ठरते हे साऱ्या जगाला सांगणाऱ्या या विद्वानाजवळ वकिलीची सनद काढायला रुपये नव्हते! पुन्हा नवल भथेनाच धावून आले. त्या पैशावर सनद निघाली आणि १९२३ च्या उन्हाळ्यानंतर हायकोर्टात वकिली सुरू झाली. पक्षकार फिरकायचे नाहीत, सॉलिसिटर ब्रीफ द्यायचे नाहीत. म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवायची अर्धवेळ नोकरीही धरली.

कोलंबियाची पीएच.डी. तर आणखी अडकून होती. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. १९१६ साली सादर झालेला प्रबंध पुढे वाढवून १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि पदवी प्रत्यक्ष हातात पडली १९२७ साली. म्हणजे अकरा वर्षे. पोरं स्टेजवर एका दमात म्हणतात ते पीएच.डी. हे अक्षर एवढे थांबले होते.

त्याच १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तिथे आणि पुढे सायमन कमिशनपुढे, गोलमेज परिषदेत, घटना समितीत जे ज्ञान कामाला आले, त्यात कराराबाहेर शिकलेला इतिहास होता, मानववंशशास्त्र होते, तत्त्वज्ञान होते. पोटासाठी घेतलेला कायदाही होता. कोणता विषय उपयोगाचा आणि कोणता आवडीचा, हे १९१३ मध्ये बडोद्याच्या कचेरीत बसून कुणाला सांगता आले असते?

आमच्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या पालकांना आम्ही म्हणतो, कर्ज काढण्याआधी चार गोष्टी बसून बोला. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला का? सरकारी कॉलेज मिळते का? बँकेचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, पण व्याज शिकत असतानाच धावते, हे पोराला सांगितले का? आणि पोर ज्या विषयाचे नाव घेते, त्या विषयाची परीक्षेबाहेरची दोन पुस्तके तरी त्याने आपण होऊन वाचली आहेत का? वाचली असतील तर त्याला अडवू नका. नुसतीच मित्राची बघून घेतलेली आवड असेल, तर तीही उघडी पडते.

बाबासाहेबांनी स्वतः सोसले ते पुढच्यांना सोसावे लागू नये म्हणून काय केले, तेही याच हिशोबात येते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारपुढे निवेदन ठेवले. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख देते, मग अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. सरकारला वर्षाला तीन लाख मंजूर करावे लागले. त्यातून मुले कॉलेजात शिकली, काही विलायतेला गेली. या मुलांना कुणाच्या संस्थानात दहा वर्षे राबण्याचा कागद लिहून द्यावा लागला नाही. आज आपली पोरं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतात, त्याचे मूळ या तीन लाखांत आहे.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सुरुवातीला जागा होती मरीन लाइन्सच्या लष्करी बराकीत. वर्ग भल्या सकाळी भरायचे. मुले ट्रामने, लोकलने, कुणी परळहून पायी यायची, तास करायची आणि तिथून नोकरीवर जायची. आपल्या वस्तीतल्या कित्येक घरांतला पहिला ग्रॅज्युएट या सकाळच्या वर्गात बसलेला आहे.